मदत न करणारी सिस्टर

फोन आला तेव्हा माझ्या तोंडात टाचण्या होत्या. दादरच्या एका तालमीच्या हॉलमध्ये मी एका नटाच्या अंगावर अंगरखा चढवून कमरेत आत घेत होते. नाटकांचे कपडेपट सांभाळणं हा माझा बऱ्याच वर्षांचा उद्योग, त्यामुळे टाचण्या ओठांत धरून बोलायची सवय आहे. फोनवर नाव उमटलं, ‘गमरे सिस्टर’. मला बरंच वाटलं, कारण बरेच दिवस तिचा आवाज ऐकला नव्हता. पण पलीकडे दिलीपदादा होते, तिचे मिस्टर. म्हणाले, “सुलभाताई, विशाखा गेली. सकाळीच गेली. झोपेतच.” मी नुसतं हुं म्हटलं. मग टाचण्या एकेक काढून डबीत ठेवल्या... तो नट बिचारा दोन्ही हात आडवे पसरून तसाच उभा होता, आणि त्याला हात खाली घे म्हणून सांगायचंही मला सुचत नव्हतं. शेवटी त्यानेच विचारलं, “ताई, कोण होतं?” मी सांगितलं, मैत्रीण. कसली मैत्रीण, कुठली, हे सांगायला बसले असते तर तालीम राहिली असती. ते आज सांगते.

विशाखा गमरे परळच्या एका मोठ्या इस्पितळात पुनर्वसन विभागात परिचारिका होती. हा विभाग बहुतेकांना ठाऊक नसतो. माणसाला लकवा मारतो, कुणी उंचावरून पडतं, कुणाचा मणका मोडतो. डॉक्टर धावपळ करून जीव वाचवतात, नातेवाईक हात जोडतात, आणि सगळ्यांना वाटतं, सुटलो. खरं तर तिथून पुढे एक लांबलचक काळ सुरू होतो. वाचलेल्या माणसाने पुन्हा बसायचं कसं, गिळायचं कसं, संडासला जायचं कसं, शर्टाची बटणं लावायची कशी, हे सगळं नव्याने शिकायचं असतं. फिजिओ येतात, व्यायाम करून घेतात आणि पुढच्या खाटेकडे जातात. “मधला सगळा दिवस माझा,” असं विशाखा म्हणायची. आधी ती अतिदक्षता विभागात होती. तिथून स्वतः मागून इकडे बदली करून घेतली. का, असं मी एकदा विचारलं तर म्हणाली, “तिथे माणसं झोपलेली असतात गं. काही विचारताच येत नाही.”

माझी तिची गाठ पडली ती अण्णांमुळे. अण्णा म्हणजे माझे वडील, माझगावच्या गोदीत फिटर होते. आई जाऊन बराच काळ लोटला होता, फणसवाडीतल्या आमच्या खोलीत मी आणि ते दोघंच. एका सकाळी चहा ओतता ओतता ते डावीकडे कलंडले ते उठलेच नाहीत. मेंदूच्या उजव्या बाजूला रक्तपुरवठा तुटला होता, म्हणून शरीराची डावी बाजू गेली. जिवावरचं निभावलं, तेव्हा त्यांना परळला हलवलं. तिथल्या पहिल्याच सकाळी मी डबा घेऊन पोचले, तर अण्णा खाटेच्या कडेला बसलेले, शर्टाची उजवी बाही चढवलेली, डावी बाही पाठीवर लोंबतेय, आणि ते उजव्या हाताने हवेत काहीतरी शोधताहेत. समोर एक ठेंगणीशी, सावळी, चष्मेवाली सिस्टर दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी. नुसती उभी. पोरं डोंबाऱ्याचा खेळ बघत उभी राहतात ना, तशी.

मी डबा ठेवला आणि धावले. ती म्हणाली, “ताई, थांबा जरा. बघूया काय करतात ते.”

“अहो, बघूया काय? तुम्ही नर्स ना? मदत करा की.”

“मदत केली तर शर्ट अंगात जाईल,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, समजावणीचा सूरही नव्हता. “पण त्यांना काय दिसत नाहीये ते मला कळणार नाही.”

एवढ्यात अण्णांनी जाहीर केलं, “झाला.” अर्धा शर्ट अंगात, अर्धा बाहेर, आणि चेहऱ्यावर गोदीत पाळी संपवून बाहेर पडताना असायचं तेच समाधान. सिस्टरने त्यांच्यासमोर आरसा धरला. अण्णांनी नीट बघितलं, उजव्या बाजूची कॉलर सारखी केली आणि मान डोलावली. मला वाटलं, अण्णांना वेड लागलं. ती मात्र पुढे वाकून, आरसा जरा जरा डावीकडे सरकवत, त्यांचे डोळे कुठपर्यंत येतात आणि कुठे थबकतात ते बघत होती.

दुपारी तिने मला बाजूला घेतलं नाही की समजुतीच्या गोष्टी सांगितल्या नाहीत. अण्णांच्या पुढ्यात ताट आलं तेव्हा मला खुणेने बोलावलं. अण्णा भात-आमटी जेवले, उजव्या बाजूची कोशिंबीर संपवली आणि कुरकुरले, “भाजी नाय दिल्यानी आज.” भाजी ताटात डावीकडे तशीच होती. विशाखाने काही न बोलता ताट अर्धं फिरवलं. अण्णा म्हणाले, “हां, आता इली.” आणि दुधीची भाजी खाऊ लागले. विशाखा माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “बघितलंत? डोळे ठीक आहेत त्यांचे. पण सध्या त्यांच्या जगाला डावी बाजूच नाहीये. म्हणजे अंधार नाही हं, अंधार असता तर त्यांनी शोधलं असतं. ती बाजू असते हेच ते विसरलेत.” आणि मग माझ्याकडे बघत, जणू आम्ही दोघी मिळून एखादं कोडं सोडवतोय अशा स्वरात, “कसं वाटत असेल हो तसं?”

मी तोवर फक्त घाबरले होते. यात कुतूहल वाटण्यासारखं काही असू शकतं हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. तिच्या त्या प्रश्नाने माझी भीती गेली असं नाही, पण भीतीच्या शेजारी बसायला दुसरं काहीतरी आलं. त्या संध्याकाळी घरी जाताना मी रस्त्याच्या डाव्या बाजूची दुकानं मुद्दाम न बघता चालून पाहिलं. जमत नाही. आपल्याला न बघणं जमत नाही.

त्याच आठवड्यातली दुसरी गोष्ट. अण्णांचा डावा हात पांघरुणावर पडलेला होता. त्यांनी तो उजव्या हाताने उचलला, न्याहाळला आणि बाजूला टाकला. मला विचारलं, “हो हात कोणाचो?” मी म्हटलं, “अण्णा, तुमचाच.” ते चिडले. “माजो न्हय. माजो हात असो आसता? बाजूच्या माणसाचो आसतलो.” मी रडकुंडीला येऊन वाद घालायला लागले. विशाखा खाटेपाशी आली. तिचं मूळ गाव खेडकडचं, मालवणी तिला बोलता येत नसे, पण कळायचं सगळं. तिने विचारलं, “बाजूच्या माणसाचा का? बरं. मग तो इकडे कसा आला?” अण्णा विचारात पडले. म्हणाले, “विसारलो आसतलो.” ती म्हणाली, “असू दे. पाहुणाच म्हणायचा. पाहुण्याला असं भिरकावू नये, मांडीवर घ्या. थंड पडलाय बघा, जरा चोळा त्याला.” आणि अण्णांनी, ज्यांनी आयुष्यभर घरी आलेल्या माणसाला चहाशिवाय जाऊ दिलं नाही, त्यांनी तो परका हात मांडीवर घेतला आणि चोळायला लागले. रोज सकाळी आंघोळीआधी पाहुण्याला तेल लावायचं, हे त्यांचं कामच होऊन बसलं. तेल लावायचं म्हणजे डावीकडे वळावं लागायचं, बघावं लागायचं. हे मला फार उशिरा कळलं. मग एके दिवशी मी वाटी त्यांच्या हाताशी ठेवून विचारलं, “पाहुण्याला लावलंत का?” तर वैतागून म्हणाले, “पावणो खंयचो? माज्या हाताक त्याल लावतंय मी.” मी वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला विशाखाला शोधत गेले. ती एका बाईची कूस बदलत होती. ऐकून ती हसली, आणि पहिला प्रश्न काय, तर “कसं म्हणाले? ‘माझ्या’ म्हणाले? नक्की?”

त्या दिवसांत मी वॉर्डातच पडीक असे, म्हणून तिचा दिवस कसा जातो ते बघता आलं. नायगावहून ती चालत यायची. आल्याबरोबर प्रत्येक खाटेपाशी जाऊन आधी पांघरूण पायाकडून उचलायची आणि हाताची मागची बाजू टाचांना लावायची. ज्यांना संवेदना नाही, त्यांच्या टाचा आणि माकडहाड दाबाने कधी लाल होतं आणि कधी जखम होते, ते त्यांना कळतच नाही. “आधी टाचा, मग चेहरा,” असा तिचा नियम. मग कुशी बदलणं, लघवीच्या वेळा सांभाळणं, कुणाला ठसका लागू नये म्हणून पाणी पावडरीने घट्ट करून चमच्याने देणं आणि गिळताना गळ्याची हालचाल बघणं. कुणाला खाटेवरून चाकाच्या खुर्चीत घ्यायचं, पण उचलून नाही. त्यानेच सरकायचं, तिने फक्त कुठे पडेल तिथे आपला गुडघा लावून ठेवायचा. आणि बाकी सगळा वेळ ते हात पाठीमागे. नवीन आलेल्या नातेवाइकांचा हमखास माझ्यासारखा भडका उडायचा. एका गृहस्थांनी तर वर तक्रार केली, ही सिस्टर काम करत नाही म्हणून. विभागाच्या डॉक्टरीणबाई शहाण्या होत्या, त्यांनी त्या गृहस्थांना दिवसभर वॉर्डात बसवून घेतलं. पुढे मैत्री झाल्यावर मी तिला विचारलं होतं, हात मागे का बांधतेस, पुढे घडी का नाही घालत? ती म्हणाली, “पुढे असले की आपोआप जातात गं. माझ्यावर माझाच विश्वास नाही.”

अण्णांना घरी सोडायचं ठरलं तेव्हा प्रश्न उभा राहिला. मला कामावर जावंच लागणार. ज्या माणसाला डावीकडचा स्टोव्ह दिसत नाही, त्याला दिवसभर एकटं ठेवायचं कसं? एका नातेवाइकाने वृद्धाश्रमाचं सुचवलं होतं, आणि मी हो-नाहीच्या मधोमध होते. विशाखा आपल्या सुट्टीच्या दिवशी फणसवाडीत येऊन धडकली. तिने आधी पाणीसुद्धा घेतलं नाही. खोलीच्या मध्ये उभी राहून तिने मला विचारायला सुरुवात केली. अण्णा उठल्यावर आधी कुठे जातात? दाराची कडी कुठल्या हाताने काढतात? चष्मा कुठे असतो? हाक मारली तर शेजारी कोण येतं, आणि त्या येतात की नुसतं तिथूनच विचारतात? मग ती अण्णांच्या खाटेवर आडवी झाली. शेजारच्या दोघी-तिघी गॅलरीतून हे बघत होत्या. खाट भिंतीला लागून होती आणि झोपणाऱ्याची डावी बाजू नेमकी भिंतीकडे यायची. ती पडल्या पडल्या म्हणाली, “इथून तर त्यांना सोप्पं आहे. डावीकडे बघायची गरजच नाही, तिकडे भिंतच आहे.” उठली आणि उशी उचलून पायथ्याशी ठेवली. बस्स, एवढंच. आता डावीकडे दार, दारातून येणारी माणसं, चहाचा कप, रेडिओ, सगळं जग. मग मोरीत जाऊन स्टुलावर बसली, एक हात पदरात गुंडाळून नळापर्यंत पोचता येतं का ते बघितलं, मोरीच्या कट्ट्यावर पाय कुठे अडखळतो ते बघितलं. शेवटी शेजारच्या काकूंना म्हणाली, “काकू, तुम्ही दिवसातून डोकावणारच. फक्त डाव्या बाजूला उभ्या राहून बोला. त्यांनी मान वळवेपर्यंत उत्तर देऊ नका.” काकूंनी ते इतकं मनावर घेतलं, की अण्णांशी त्यांचं रोज भांडण व्हायचं.

अण्णा घरीच आले. वृद्धाश्रमाचा विषय निघाला तो तिथेच मिटला. डावा हात पूर्ण कधी आला नाही, पण मुठीत वस्तू धरता यायला लागली. चाळीतल्या लोकांची बिघडलेली कुलपं पुन्हा त्यांच्याकडे यायला लागली. कुलूप डाव्या मुठीत अडकवायचं आणि उजव्या हाताने काम करायचं. “तो धरता, मी फिरवतंय,” असं सांगायचे सगळ्यांना. पुढे काही वर्षांनी ते गेले ते वयाने, आपल्या खाटेवर, दाराकडे तोंड करून.

आमची मैत्री मात्र अण्णांवर थांबली नाही. ती एका शर्टामुळे वाढली. नाटकात नटाला विंगेत क्षणात कपडे बदलावे लागतात, म्हणून आम्ही वरून बटणं शिवतो आणि आतून चिकटपट्टी, म्हणजे वेल्क्रो, लावतो. तसे दोन शर्ट मी अण्णांना शिवले होते. विशाखाने एक उलटा करून दिव्याखाली धरला आणि विचारलं, “हे कुठून सुचलं तुला?” तुम्हीवरून तूवर ती त्या शर्टापाशीच आली. मग आमचे रविवार सुरू झाले. परळहून ती अडचणी आणायची, मी मशीनवर बसायचे. अर्धा दिवस शिवण आणि अर्धा दिवस गप्पा. तिच्या प्रश्नांना अंत नसे. नट रडतो तेव्हा रंग ओघळत नाही का? पगडीखाली घाम आला तर खाजवतात कसे? एखाद्याला रंगमंचावर अचानक काही आठवेनासं झालं तर चेहऱ्याचा कुठला भाग आधी बदलतो? हा प्रश्न तिने एका बुजुर्ग नटाला प्रत्यक्ष विचारला आणि तो तिच्याशी मध्यंतरभर बोलत बसला.

त्यातली लीलाबाईंची साडी मला विसरता येत नाही. लीलाबाई लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत मिरच्या निवडायच्या. लकव्याने उजवा हात गेला. पाय बरा होता, चालता आलं असतं, पण त्या खाटेवरून उठेनात. व्यायामाच्या हॉलमध्ये जायचं म्हटलं की भिंतीकडे तोंड करायच्या. कुणी म्हणालं, खचल्यात, कुणी म्हणालं, हट्टी आहेत. विशाखा त्यांच्या शेजारी बसून राहिली आणि शेवटी विचारलं, “लीलाबाई, हॉलमध्ये काय आहे?” त्या म्हणाल्या, “गडीमाणसं हायेत. मी ह्या गाऊनवर जाऊ का तिथं?” जन्मात कधी साडीशिवाय परक्या पुरुषापुढे न गेलेली बाई ती. सूनबाई नेसवायला तयार होती, तेही नको. “दुसऱ्यानं नेसवायला मी काय मेलेय?”

विशाखा माझ्याकडे आली. “नाटकात बाई एवढ्याशा वेळात नऊवारी नेसून येते, ती कशी गं?” मी मोठ्या उत्साहाने तयार निऱ्यांची साडी शिवली, कमरेला पट्टा, डाव्या हाताला हुक. विशाखाने उजवा हात बँडेजने अंगाशी बांधून घेतला आणि माझ्या खोलीत ती नेसून बघितली. आधीच्या प्रयत्नात नाडी दोन हातांशिवाय बांधता येईना, नंतर चिकटपट्टीत तिचेच केस अडकले. आम्ही हसून हसून जमिनीवर बसलो. शेवटी जमली. ती मी स्वतः वॉर्डात घेऊन गेले. लीलाबाईंनी चिमटीत धरून उलटीपालटी केली आणि परत दिली. “ही साडी नाय बाय. हा परकर हाय.”

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. विशाखाला मात्र नाही. तिने विचारलं, “मग साडी कशाला म्हणायचं, लीलाबाई?” त्या म्हणाल्या, “निऱ्या आपल्या हातानं घातल्या तर ती साडी.” दुसऱ्या दिवशी सूनबाईने घरची साडी आणली. लीलाबाईंनी ती खाटेवर पसरली. डाव्या हाताने निऱ्या घालायला लागल्या, त्या सुटायच्या, परत घालायच्या. सकाळची व्यायामाची वेळ टळून गेली. फिजिओ येऊन बघून गेले, सूनबाईला राहवेना, तिला विशाखाने बाहेर चहाला पाठवलं. मी बघत होते, विशाखाचे पाठीमागचे हात एकमेकांना इतके घट्ट धरून होते की बोटं पांढरी पडली होती. मग लीलाबाईंनी आजूबाजूला बघितलं आणि म्हणाल्या, “वाळत घालायचा चिमटा हाय का?” खिडकीच्या दोरीवर होता. तो मात्र विशाखाने पळत जाऊन आणला. निऱ्या खाटेवर घालायच्या, चिमट्यात धरायच्या आणि मग खोचायच्या. लीलाबाईंनी साडी नेसली. एका बाजूला खाली लोंबत होती, पण नेसली. हॉलमध्ये गेल्या तेव्हा सगळ्यांनी वळून बघितलं, आणि त्यांनी पदर सावरून खुर्ची मागितली.

तिचं सगळंच बरोबर असायचं असं नाही. परांचीवरून पडून कमरेखाली लुळा झालेला एक रंगारी वॉर्डात होता, जेमतेम पंचविशीचा. त्याला तिने विचारलं, पडताना काय काय आठवतं तुला? त्याने पांघरूण तोंडावर ओढून घेतलं. त्यानंतर त्याने तिच्या हातचं पाणीही घेतलं नाही, दुसऱ्या सिस्टरला बोलवा म्हणाला. त्या रविवारी तिने मशीनच्या चाकावर बोट फिरवत मला सांगितलं, “तो प्रश्न त्याच्या कामाचा नव्हता गं. माझ्या कामाचा होता.” त्या दिवशी तिने मला नाटकातलं काहीच विचारलं नाही. पुढे तो मुलगा तिच्याशी बोलायला लागला, पण आपण होऊन, आणि पडण्याबद्दल कधीच नाही. तिनेही पुन्हा विचारलं नाही. त्यानंतर काही विचारण्याआधी ती किंचित थांबायची, असं मला वाटायचं.

ती निवृत्त व्हायला आली होती तेव्हा पोटात दुखायला लागलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, तोही पसरलेला. उपचार झाले, थोडा वेळ मिळाला. त्या सुमारास त्यांची नायगावची चाळ पुनर्विकासासाठी रिकामी झाली होती. तिचा जन्म त्याच आवारातला, लग्न होऊन गेली तीही तिथल्याच दुसऱ्या चाळीत. ती दोघं आता जवळच्याच एका इमारतीत वरच्या मजल्यावर तात्पुरत्या जागेत राहत होती. मुलगी नाशिकहून येऊन जाऊन असे. मी शेवटची भेटले तेव्हा विशाखा खुर्चीत बसली होती, इतकी बारीक झालेली, की खुर्चीच मोठी वाटत होती. मला म्हणाली, “बरं झालं आलीस, एक गंमत दाखवायची आहे. माझ्यासमोर उभी राहा.”

मी उभी राहिले. “खुर्चीतून उठताना नाक पायाच्या अंगठ्यांवर आणायचं, हे मी जन्मभर लोकांना शिकवलं. नाक पुढे, नाक पुढे. म्हणजे भार पुढे येतो आणि कुल्ले आपोआप उचलले जातात. खरं आहे ते. पण आज मी नाक पुढे नेलं ना, तर समोरची जमीन अंगावर आली. भीती वाटली, सुलू. आपण उठतोय असं वाटतच नाही, पडतोय असंच वाटतं. इतक्या लोकांनी माझ्यासमोर हे केलं आणि एकाने सांगितलं नाही.”

“विचारलं नसशील तू,” मी म्हटलं.

“नाही विचारलं,” ती म्हणाली. “हेच नेमकं नाही विचारलं.” तिच्या डोळ्यांत तीच चमक होती, अण्णांचं ताट फिरवताना असलेली. मग तिने फोन मागितला आणि माझ्यासमोर वॉर्डातल्या तिच्या हाताखालच्या सिस्टरला लावला. धाप लागत होती तरी सगळं नीट सांगितलं. समोर रिकामी जमीन ठेवू नका, काहीतरी ठेवा, स्टूल ठेवा, नाहीतर तूच बस, म्हणजे पडायला जागा आहे असं वाटणार नाही. फोन ठेवला आणि मला म्हणाली, “आता तू स्टुलावर बस. मी उठते.” मी बसले. हात पुढे करावेसे वाटत होते. ते मी मांडीखाली दाबून धरले. ती उठली. उभी राहिली, माझ्या खांद्याला न धरता, आणि परत बसली. दमली होती. म्हणाली, “बघ. फरक पडतो.”

जलदान विधी झाल्यावर काही दिवसांनी मी दिलीपदादांकडे गेले. घर नीट आवरलेलं होतं. त्यांनी चहा केला, बशीत खारी ठेवली. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, “मी हल्ली तिच्या बाजूला झोपतो. खिडकीकडे.” आणि थोडे ओशाळले. “ती पडदा लावू द्यायची नाही. मला वाटायचं, उजेड हवा असेल. मग म्हटलं, बघू तरी काय दिसतं तिथून... तुम्ही बघता?”

मी पलंगाच्या कडेला, तिच्या जागी बसले. खिडकीतून खाली त्यांच्या जुन्या चाळींचं आवार दिसत होतं, पत्रे लावलेलं. एक चाळ अर्धी पाडलेली होती, पुढची भिंत गेलेली, त्यामुळे मागच्या खोल्या एकावर एक उघड्या पडलेल्या. कुठे पिवळा रंग, कुठे गुलाबी. दुसऱ्या मजल्यावरच्या एका भिंतीला हिरवा रंग होता, पाण्याच्या टाकीसारखा. दिलीपदादा म्हणाले, “तो हिरवा आमचा. तिनेच निवडलेला. पाडायचं काम सध्या थांबलंय, कधी सुरू करतील सांगता येत नाही.” मी बघत राहिले. भिंतीवर फळीच्या खुणा होत्या, खाली मोरीच्या फरशा, आणि उजव्या कोपऱ्यात वर एक फिकट चौकोन, जिथे बरीच वर्षं काहीतरी टांगलेलं असावं.

“तो चौकोन कशाचा?” मी विचारलं.

“बाबासाहेबांची तसबीर असेल,” ते म्हणाले, आणि मग स्वतःच मान हलवली. “नाही, ती दारासमोर होती. तिकडे कॅलेंडर... कॅलेंडर एवढं मोठं नसतं. थांबा हां.” ते माझ्या शेजारी येऊन बसले, चष्मा काढून पुसला आणि परत लावला. आरसा म्हणावा तर तो खिडकीपाशी होता. घड्याळ तर गोल होतं. मी म्हटलं, मुलीला फोन करून विचारू. ते म्हणाले, विचारू, पण आधी आपल्याला आठवतंय का बघू. चहा गार झाला, खाली कुणीतरी पत्र्याचं दार ओढून घेतलं, आणि आम्ही दोघं त्या हिरव्या भिंतीवरच्या चौकोनाकडे बघत तसेच बसलो होतो.